दुखणे थांबले, पण जखम?

संडासवाटे रक्त पडते, हे आमच्या सोनपेठला माणूस घरच्यांनाही महिनोन्महिने सांगत नाही. मूळव्याध असेल म्हणून ताक पिऊन दिवस काढतो. अंबाजोगाईला किंवा लातूरला दुर्बिणीने तपासून डॉक्टर ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ असे नाव सांगतात, तोवर अंगावरचे कपडे सैल झालेले असतात. त्यात गोळ्या वर्षानुवर्षे घ्यायच्या, हे ऐकून तो खचतो. अशा माणसाच्या हाती हल्ली कुणीतरी ‘विजया’च्या तेलाची बाटली ठेवतो. विजया म्हणजे भांगेचेच झाड. त्यातले कॅनाबिडिऑल नशा आणत नाही आणि आतड्याची सूज उतरवते, असे सांगितले जाते.

भांगेचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. जातिफलादि चूर्णात भांग आहे आणि ते ग्रहणीवर देतात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा-चरस बंद केले, तरी निव्वळ पाने त्या व्याख्येबाहेर ठेवली. अमेरिकेने २०१८ मध्ये कॅनाबिडिऑलला औषध म्हणून मान्यता दिली. पण ती अपस्माराच्या दुर्मिळ प्रकारांसाठी. आतड्यासाठी नव्हे.

आतड्याचे काय झाले? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत कोलायटिसचे ६० रुग्ण होते. कॅनाबिडिऑलयुक्त अर्क घेणाऱ्यांपैकी २८ टक्क्यांचा रोग शमला, नुसती बनावट गोळी घेणाऱ्यांपैकी २६ टक्क्यांचा. इस्रायलमध्ये २०२१ च्या अभ्यासात क्रोन्सच्या रुग्णांना तेलाने बरे वाटले खरे (त्यात नशेचे द्रव्यही थोडे होते), पण दुर्बिणीतून पाहिले तर सूज होती तशीच.

मार्चअखेर ‘जुने-नवे’ करून थकलेले कर्ज वसूल दाखवण्याची रीत मी बँकेत पुष्कळ पाहिली. खाते स्वच्छ दिसते, कर्ज मात्र हलत नाही. पोटातली कळ थांबली म्हणून गोळ्या सोडणाऱ्याचे असेच होते. शिवाय आपल्याकडे आतड्याचा क्षय आणि क्रोन्स इतके सारखे दिसतात की चांगले डॉक्टरही चकतात. क्षयाच्या रोग्याला तेलाने चार महिने बरे वाटले, तर ते चार महिने क्षयाचे.

तेलावर बंदी घाला, असे मी म्हणत नाही. बाटलीवर मराठीत ठळक छापा: किती मिलिग्रॅम, आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नयेत. आयुष मंत्रालयाने आपल्याच रुग्णांवर, आधी आणि नंतर दुर्बीण लावून चाचणी करावी. निकाल प्रतिकूल आला, तरी तोही छापावा.