दुखणं पायात, मलम भिंतीला

मंडळी, आमच्या मानोऱ्याकडे उन्हाळा तापला की दोन गोष्टी हमखास दिसतात. शेतात भेगा आणि घरांच्या भिंतींना तडे. शेतातल्या भेगांचं कुणाला काही वाटत नाही, काळ्या मातीचा तो धर्मच आहे. घरातल्या तड्यात मात्र दर वर्षी सिमेंट भरलं जातं, वरून रंगाचा हात फिरतो, आणि पुढच्या वैशाखात तडा पुन्हा तिथेच हजर! मिस्त्री म्हणतो, "गुरुजी, दोन दिवसांचं काम आहे, भरून देतो." दोन दिवसांत होणारं काम दर वर्षी का करावं लागतं, हे मात्र कुणी विचारत नाही. माझं मत स्पष्ट आहे. तडा बुजवायची घाई करू नये. आधी तो वर्षभर नीट वाचावा.

आपल्या जुन्या माणसांनी गावच्या जमिनीला दोन नावं दिली होती, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. काळीत राबायचं आणि संध्याकाळी पांढरीत मुक्कामाला यायचं. पुढे गावं वाढली, गावठाण पुरेना, काळीचे एन.ए. प्लॉट पडले. कालपर्यंत जिथे कापूस आणि तूर उभी होती तिथे आज स्लॅबची घरं उभी आहेत. माणसं बदलली, सातबारा बदलला, माती काही बदलली नाही.

ही माती बेसॉल्ट खडक झिजून झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. पाणी मिळालं की ती फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात घराच्या कडेची माती वाळून आकसते, पण घराच्या पोटाखालची माती ओलसर राहते. मग बाहेरच्या भिंती आणि कोपरे खाली बसतात, मधला भाग तसाच राहतो. पावसाळ्यात कडेची माती फुगून कोपरे परत उचलते. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपा निघणारा तडा असतो ना, तो या ओढाताणीचा.

यावर उपाय नाही असं मुळीच नाही. आपल्याकडचा जुना गवंडीसुद्धा मुरूम लागेपर्यंत खोदल्याशिवाय पायाचा दगड ठेवत नसे. मुरूम फार खोल असेल तर काय करायचं, याचं उत्तर रूरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने 1950 च्या दशकात शोधलं. जमिनीत खोल भोक पाडायचं, तळाशी ते कांद्यासारखं फुगीर करायचं आणि त्यात सळया घालून काँक्रीट ओतायचं. अशा खांबांच्या डोक्यावर तुळई, आणि तुळईखाली थोडी पोकळी, म्हणजे माती फुगली तरी घराला ढकलत नाही. हे सगळं नवीन घर बांधताना. बांधलेल्या घराचं काय, हा खरा प्रश्न आहे.

माझा पुतण्या अमेरिकेत मिनेसोटात असतो. तिथे काळी माती नसेल, पण थंडी अशी की जमीनच गोठते. मातीतलं पाणी गोठताना खालचं पाणी वर ओढून घेतं, बर्फाचे थर साचतात आणि जमीन वर उचलली जाते. वसंतात बर्फ वितळला की तीच माती चिखल होऊन खचते. म्हणून तिथे पाया किती खोल हवा याचा नियमच आहे. राज्याच्या दक्षिण भागात 42 इंच, उत्तरेत 60 इंच. तरीही पुतण्याच्या घराचा एक कोपरा बसला. मला वाटलं, आता हे लोक मोठी यंत्रं आणणार. पण आलेल्या इंजिनिअरने आधी छपराचं पाणी कुठे पडतं ते पाहिलं. ते नेमकं त्याच कोपऱ्यात पडत होतं! आधी पन्हाळीचा पाइप भिंतीपासून लांब नेला, मग कोपऱ्याखाली मळसूत्री लोखंडी खांब कठीण थरापर्यंत फिरवत घातले. आधी पाणी, मग पाया. तिथे माती गोठते, इथे वाळते, पण दोन्हीकडे खेळ पाण्याचाच.

घाईचं औषध कसं उलटतं ते पिसाच्या मनोऱ्याने दाखवलं आहे. 1934 साली त्याच्या पायात भोकं पाडून सिमेंट भरलं, तर तो आणखी कलला. पुढे 1990 मध्ये तो लोकांसाठी बंद करावा लागला. अखेर तज्ज्ञांनी त्याच्या उंच बाजूखालची माती थोडी थोडी काढली, प्रत्येक वेळी मोजमाप घेतलं, आणि मनोरा सुमारे अर्धा अंश मागे आला. डिसेंबर 2001 मध्ये तो पुन्हा उघडला. तिथे बळापेक्षा मोजमाप आणि धीर कामाला आला.

आता घरचा मुद्दा. कारण हे वाचणाऱ्यांत आमच्या घरचीच निम्मी मंडळी आहेत, हे मला ठाऊक आहे. दादांनी बांधलेल्या मानोऱ्याच्या घराबद्दल सध्या दोन मतं ऐकू येतात. एक, पाडून नवीन बांधू. दोन, विकून मोकळे होऊ. माझं तिसरं मत आहे.

गेल्या वर्षभर मी दोन्ही तड्यांच्या टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहितो आहे. तड्यावर काचेची पट्टीही चिकटवली आहे, भिंत हलली की ती तडकते. बैठकीतला तडा श्रावण-भाद्रपदात जवळजवळ मिटला आणि चैत्रात पुन्हा उघडला. म्हणजे तो मातीच्या फुगण्या-आकसण्याचा. न्हाणीजवळचा तडा मात्र पावसाळ्यातही मिटला नाही, वाढतच गेला. तिथे मोरीचा पाइप फुटका निघाला. सांडपाणी सरळ पायाशी मुरत होतं. दोन तडे, दोन दुखणी. दोन्हींत सारखंच सिमेंट भरून काय साधणार?

तेव्हा माझं म्हणणं असं. आधी फुटका पाइप बदलू. स्लॅबचं पाणी पाइपाने लांब सोडू. घराभोवती तीन-चार फूट रुंदीची, बाहेर उताराची फरशी करू, म्हणजे जोत्याजवळची माती एकदम भिजणार नाही की एकदम वाळणार नाही. मग आणखी एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहू. न्हाणीचा कोपरा तरीही बसत राहिला तरच त्याच्या पायाला हात लावू, आणि तोही जाणत्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली. पायाखाली एका वेळी तीन-चार फुटांचाच तुकडा मुरमापर्यंत खोदायचा, काँक्रीट भरायचं, ते पक्कं झाल्यावर मधला तुकडा सोडून पुढचा घ्यायचा. सगळी भिंत एकदम मोकळी केली तर ती अंगावर येईल. तडा भरणं आणि रंग हे सगळ्यात शेवटी.

पाडून नवीन बांधायचं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की नवीन घरही याच काळीवर उभं राहणार आहे. पाया आणि पाणी यांचा विचार न करता बांधलं तर दहा वर्षांनी नातवंडं हाच वाद घालतील.

आणि एक गोष्ट जरा कडू आहे, पण लिहितो. पुतण्याने सांगितलं, तिकडे हिवाळ्यात घर रिकामं ठेवून हीटर पूर्ण बंद केला तर थंडी तळघरातून पायाखाली शिरते. आपल्याकडे थंडी नाही, पण बंद घरात फुटका पाइप कुणाला दिसत नाही, पन्हाळीत अडकलेला पाला कुणी काढत नाही. मी सकाळी फिरायला जाताना कुलूप उघडून डोकावतो म्हणून पाइप तरी सापडला. माझ्यानंतर ते कोण करणार? दुरुस्तीचा खर्च आपण सगळे मिळून करू, त्याची मला काळजी नाही. पण वर्षातून चार वेळा, प्रत्येक ऋतूत कुणीतरी येऊन राहावं आणि पेन्सिलीच्या रेघेपुढे नवी तारीख घालावी. तेवढं ठरलं, तर घर विकायचा विषय निदान दोन वर्षं तरी बाजूला ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

काळ्या मातीत राहणाऱ्या इतर ब्लॉगकरांचे अनुभव वाचायला आवडतील. जरूर लिहा.