लॉक फाइल पुसण्यापूर्वी

प्रयोगशाळेतील वीज जाते, थोड्या वेळाने येते, संगणक पूर्ववत सुरू होतात. पण निरीक्षणांची सामायिक डेटाबेस फाइल मात्र उघडत नाही. ‘फाइल दुसऱ्या वापरकर्त्याने उघडलेली आहे’ असे पडद्यावर दिसते आणि तो दुसरा वापरकर्ता कोठेही सापडत नाही. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, शेजारची लॉक फाइल पुसून टाका. हा सल्ला एका ठिकाणी योग्य आहे, तर दुसऱ्या ठिकाणी कित्येक महिन्यांचे काम मातीमोल करणारा आहे.

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसची सामायिक फाइल कोणी उघडली, की त्याच फोल्डरमध्ये ‘एलएसीसीडीबी’ ही छोटी फाइल तयार होते. तीत फाइल उघडणाऱ्या संगणकांची नावे नोंदली जातात. शेवटचा वापरकर्ता बाहेर पडताच ती नाहीशी होते. संगणक मध्येच बंद पडल्यास मात्र ती मागे राहू शकते. तेव्हा सर्वांनी फाइल बंद केल्याची खात्री करावी, सर्व्हरवर अडकलेले सत्र बंद करावे, मूळ फाइलची प्रत काढावी आणि मगच लॉक फाइल पुसावी. त्यानंतर ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ चालवावे. हा क्रम बदलू नये.

एसक्यूलाइटचे तंत्र निराळे आहे. तेथे प्रोग्रॅम बंद पडला, की त्याचे लॉक कार्यप्रणाली स्वतःच सोडते. मागे उरते ती ‘जर्नल’ फाइल, आणि तीत बदलापूर्वीचा मूळ मजकूर जपलेला असतो. डेटाबेस पुन्हा उघडला जाताच तिच्या आधारे अर्धवट बदल मागे घेतले जातात. ही फाइल ‘अडथळा’ समजून पुसली, तर अर्धवट लेखन तसेच राहते आणि डेटाबेस कायमचा बिघडू शकतो. तेथे शोधायचा असतो तो अजून चालू असलेला एखादा प्रोग्रॅम. प्रत काढतानाही जर्नल सोबत घ्यावी लागते.

या सावधगिरीमागे मोठे शास्त्र आहे आणि त्यात भारतात शिकलेल्या एका संशोधकाचा वाटा ठळक आहे. आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी सी. मोहन यांनी आयबीएममधील सहकाऱ्यांसह १९९२ मध्ये ‘एरीज’ ही पद्धत सविस्तर मांडली. प्रत्यक्ष बदल डिस्कवर जाण्यापूर्वी त्याची नोंद डिस्कवर पोहोचली पाहिजे, हा तिचा पाया. यंत्रणा कोसळल्यावर नोंदवही तपासणे, झालेले बदल पुन्हा घडवणे आणि अपूर्ण राहिलेले व्यवहार मागे घेणे, अशा तीन टप्प्यांत डेटाबेस सावरतो. अनेक मोठ्या डेटाबेस प्रणालींवर या विचाराचा प्रभाव आहे.

तरीही आपल्याकडे हा विषय बहुधा परीक्षेतील टिपेपुरता उरतो. विद्यार्थी क्वेरी लिहायला शिकतो. लेखन चालू असताना यंत्रणा बंद पडली तर काय होते, हे मात्र त्याने पाहिलेले नसते. डेटाबेसच्या प्रात्यक्षिकांत निदान एकदा तरी मुद्दाम मध्येच प्रोग्रॅम थांबवून, मागे राहिलेल्या फाइली तपासून, डेटा सावरण्याचा पाठ असावा. त्याला वेगळा खर्च लागत नाही.

संस्थांनीही आपली बाजू पाहावी. अनेकांनी एकाच वेळी लिहायची माहिती सामायिक फोल्डरमधील फाइलीत ठेवणे धोक्याचे आहे. त्यासाठी पोस्टग्रेएसक्यूएलसारखा विनामूल्य सर्व्हर उपलब्ध आहे. सर्व्हर सांभाळायला माणूस नाही, ही लहान प्रयोगशाळांची अडचण खरी आहे. पण रोजची प्रत, एक जबाबदार व्यक्ती आणि भिंतीवर लावलेला दुरुस्तीचा क्रम, एवढे तर कोणालाही जमण्याजोगे आहे. वाया गेलेले निरीक्षण पुष्कळदा पुन्हा घेता येत नाही. ऋतू उलटून गेलेला असतो, नमुना संपलेला असतो.