दाता, पात्र आणि मधला दुवा

पितृपंधरवडा जवळ आला की घराघरांत एक प्रश्न उपस्थित होतो. वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ काही रक्कम द्यावयाची आहे, पण ती द्यावी कोणास? देण्याची इच्छाच नाही असे कुटुंब आम्हांस तरी क्वचितच आढळले. अडते ते पुढेच. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानास देश, काल व पात्र अशा तीन अटी घातल्या आहेत. पैकी देश व काल दात्यास घरी बसून ठरविता येतात. पात्र मात्र पाहावे लागते, आणि पाहण्यास ते डोळ्यांसमोर असावे लागते.

पूर्वी ते असे. माधुकरी मागणारा विद्यार्थी दाराशी येई. वार लावून जेवणारा मुलगा आठवड्यातून एकदा आपल्याच पंक्तीस बसे, आणि त्याचा अभ्यास कसा चालला आहे हे घरातील आजीबाईंसही ठाऊक असे. त्या जेवणात उपकाराचा भाव असे व तो मुलांस बोचे, हे आम्ही नाकारीत नाही. ही सोय बहुधा एकाच जातीच्या मुलांपुरती होती, हेही विसरता कामा नये. परंतु देणारा व घेणारा परस्परांस ओळखीत. आज देणारा शहरात चौथ्या मजल्यावर राहतो आणि ज्यास गरज आहे तो डोंगरापलीकडील एखाद्या वाडीत.

ती वाडी फार दूर असते असेही नाही. तोरणा व राजगड हे दोन्ही किल्ले ज्या वेल्हे तालुक्यात येतात, व ज्यास आता राजगड हे नाव देण्यात आले आहे, तो पुण्याहून मोटारीने अवघ्या दोन तासांवर आहे. पुणे जिल्ह्यात सर्वांत विरळ वस्तीचा तालुका हाच. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ५४ हजारांच्या आसपास भरली. भात व नाचणी ही तेथील पिके. आंबी नदीवरील पानशेतचे धरण ह्याच तालुक्यातील. १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले तेव्हा पुणेकरांस त्याचे नाव कायमचे ठाऊक झाले. परंतु त्या जलाशयाखाली ज्यांची भातखाचरे गेली त्यांची आठवण शहरात फारशी निघत नाही. आपल्या नळास आज जे पाणी येते त्यात पानशेतचा मोठा वाटा आहे. तेव्हा वेल्ह्यास काही देणे हे दान नसून ऋणफेड आहे, असे आम्ही मानतो.

आता ही फेड पोचावी कशी? कंपनी कायदा, २०१३ अन्वये मोठ्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. परंतु कंपनीने आपल्या परिसरास प्राधान्य द्यावे, असेही तोच कायदा सांगतो. चाकण-रांजणगावासारखी कारखानदारी वेल्ह्यात नाही. साहजिकच तो पैसा कारखान्यांच्या आसपास अधिक फिरतो आणि डोंगरातील वाडीपर्यंत क्वचित चढतो.

ही अडचण केवळ आपलीच आहे असे समजू नये. अमेरिकेत मेक्सिको, पोर्तो रिको, क्यूबा आदी प्रदेशांतून आलेल्या कुटुंबांस लॅटिनो म्हणतात. लोकसंख्येत त्यांचा हिस्सा जवळजवळ एक पंचमांश; परंतु मोठ्या धर्मादाय निधींकडून त्यांच्या संस्थांस मिळणारे द्रव्य शेकडा एकाच्या आसपासच राहिले आहे. कारण उघड आहे. मोठ्या निधीचे कार्यालय महानगरात, आणि स्थलांतरित मजुरांच्या मुलांची शिकवणी चालविणारी संस्था कोठल्याशा गल्लीत. दोघांची गाठ पडावी कोठे? ही गाठ घालून देण्याकरिता १९८३ साली तेथे ‘हिस्पॅनिक्स इन फिलान्थ्रॉपी’ ही संस्था निघाली. अनेक निधींचा पैसा एकत्र करावयाचा, लहान संस्था स्वतः जाऊन पाहावयाच्या, त्यांस हिशेब व कारभार शिकवावयाचा आणि मग पैसा द्यावयाचा, अशी तिची रीत.

आपल्याकडेही अशी माणसे झाली. महर्षी कर्वे यांनी आपल्या स्त्रीशिक्षणाच्या कार्यासाठी १९२९ नंतरच्या काळात युरोप, अमेरिका व आफ्रिकेपर्यंत प्रवास करून निधी मिळविला. पुढे परदेशी स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनी १९७८ साली अमेरिकेत महाराष्ट्र फाऊंडेशन स्थापन केले आणि महाराष्ट्रातील अनेक संस्थांस साहाय्य पाठविले. मात्र २०२० साली परदेशी देणग्यांचा कायदा कडक झाला. परदेशातून आलेली देणगी एका संस्थेने दुसरीस देण्यास बंदी झाली, आणि कारभारावरील खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेने परदेशातून घ्यावे व खेड्यातील धाकट्या संस्थेस वाटून द्यावे, हा मार्ग त्यामुळे खुंटला. म्हणजे वेल्ह्याची जबाबदारी आता अधिकच आपल्या, येथील घरांवर आली.

येथे दुवे नाहीत असे नाही. पुण्यात २००५ पासून पितृपक्षात ‘देणे समाजाचे’ हे संस्थांचे प्रदर्शन सुरू झाले. ‘लोकसत्ता’ने २०११ पासून गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’ ह्या उपक्रमातून दरवर्षी निवडक संस्थांचा परिचय करून देण्याचा प्रघात पाडला. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत ज्ञान प्रबोधिनीने स्त्रियांचे बचत गट उभे केले आणि दूरच्या वाड्यांवरील मुलींच्या शिक्षणासाठी वेल्ह्यास निवासाची सोय केली. ह्या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व आम्ही शिक्षकी पेशात राहिल्यामुळे विशेष जाणतो. डोंगरातील मुलगी शाळा सोडते ती बहुधा फीपायी नव्हे. शाळा दोन डोंगर पलीकडे, पावसाळ्यात ओढा भरलेला, आणि संध्याकाळची गाडी चुकली तर मुक्काम कोठे करावा ह्याची आईस धास्ती. त्या मुलीस वह्यांचा गठ्ठा नको, निजावयास सुरक्षित जागा हवी. हे चौथ्या मजल्यावरून दिसत नाही. जो वाडीवर जाऊन चुलीपाशी बसतो त्यासच दिसते.

म्हणूनच एका मागणीविषयी आम्हांस स्पष्ट लिहावयाचे आहे. पुष्कळ सज्जन अट घालतात की, आमचा रुपयान् रुपया थेट गरिबाच्या हाती पडावा, पगार-प्रवासात एक पैही जाता कामा नये. अटीमागील भीती खोटी नाही; धर्मादायाच्या नावाखाली लबाडी होते. परंतु वाडीवर जाणाऱ्या कार्यकर्तीस एस.टी.चे तिकीट काढावेच लागते. तिला घर आहे, मुले आहेत. मुलींच्या निवासात रात्री जागणाऱ्या बाईस वेतन नको काय? पात्र पाहण्याचे जे काम आपण स्वतः करीत नाही, ते जी आपल्यावतीने करते तिला उपाशी ठेवून दान सात्त्विक कसे होईल? लबाडीस उतारा पगार बंद करणे हा नव्हे, हिशेब पाहणे हा आहे. सार्वजनिक न्यासांस धर्मादाय आयुक्तांकडे नोंद व हिशेब ठेवावे लागतात; ते मागावे, पावती घ्यावी आणि मनात किंतु असल्यास स्वतः जाऊन पाहावे.

आमची सूचना साधी आहे. एकत्र कुटुंबाने ह्या पंधरवड्यात बसून एकच संस्था निवडावी आणि तीन वर्षे तीस ठरावीक रक्कम द्यावी. दरवर्षी नवी संस्था, ह्यात पुण्याचा विस्तार दिसत असला तरी संस्थेस पुढच्या वर्षाच्या पगाराची शाश्वती मिळत नाही. रकमेचा काही भाग कारभारासाठीच आहे, असे पत्रात लिहून द्यावे. आणि वर्षातून एकदा सुना-मुलांसह तेथे जावे. बचत गटातील बाई दरमहा स्वतःची ठरलेली रक्कम गटात भरते व शेजारणीची अडचण भागविते. ती घेणारी आहे तशीच देणारीही आहे. तिच्या शेजारी बसून तिची वही पाहावी. आपल्या देणगीचे पुढे काय करावे, हे तीच आपणांस नीट सांगेल.