गोळ्यांचे पाकीट संपल्यानंतर

30 जानेवारीला सकाळी अकराला भोंगा वाजतो, कचेऱ्यांमधली माणसे दोन मिनिटे उभी राहतात आणि पुन्हा कामाला लागतात. त्याच दिवशी गावोगावी ग्रामसभेत आणखी एक कार्यक्रम होतो. जिल्हाधिकाऱ्यांचा संदेश वाचला जातो, कुष्ठरुग्णाशी भेदभाव करणार नाही अशी शपथ घेतली जाते, शाळेतली एखादी मुलगी ‘सपना’ होऊन चट्ट्यांविषयी चार वाक्ये बोलते. 2017 पासून ‘स्पर्श’ या नावाने हे अभियान चालते. महात्माजींच्या पुण्यतिथीला ते सुरू होते आणि पंधरवडाभर, 13 फेब्रुवारीपर्यंत राहते.

ही तारीख कुष्ठरोगाला का मिळाली, हे महाराष्ट्राला सांगायची गरज नसावी. सेवाग्रामला आजही परचुरे कुटी आहे. संस्कृतचे पंडित असलेले परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन आश्रमात आले, तेव्हा त्यांना ठेवून घ्यावे की नाही याबद्दल आश्रमातही चलबिचल होती. गांधीजींनी त्यांना ठेवून तर घेतलेच, शिवाय रोज स्वतःच्या हाताने त्यांचे अंग चोळून दिले. त्याआधीच, 1936 मध्ये, मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले होते. पुढे अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन उभे राहिले आणि वरोऱ्याला बाबा आमटे यांचे आनंदवन. देशातल्या कुष्ठसेवेचा इतिहास लिहायला घेतला, तर त्याची बरीच पाने एकट्या विदर्भाची भरतील.

शपथेत वावगे काही नाही. रुग्णाला दूर लोटू नका आणि चट्टा दिसला की लवकर दाखवा, ही तिची दोन्ही सांगणी खरी आहेत. पण ती जिथे थांबते तिथे रुग्णाच्या आयुष्यातला अवघड भाग सुरू होतो. गोळ्या सुरू झाल्यावर आणि संपल्यावर काय होते, याबद्दल शपथ गप्प आहे, संदेश गप्प आहे आणि आरोग्य खात्याची वही तर त्याहून गप्प आहे.

या आजाराची रीत जगावेगळी आहे. नॉर्वेतल्या बर्गन शहरात आर्मोर हॅन्सन यांनी 1873 मध्ये कुष्ठरोगाचा जंतू पाहिला. माणसाच्या जुनाट आजाराशी जोडला गेलेला तो पहिल्या काही जंतूंपैकी एक. पण दीडशे वर्षे झाली तरी प्रयोगशाळेतल्या कृत्रिम खाद्यावर तो वाढवता आलेला नाही. त्याचे दुप्पट व्हायचे काम बारा-चौदा दिवसांनी एकदा होते, इतका तो संथ आहे. अंगात शिरल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीससुद्धा. त्याला थंडावा लागतो, म्हणून तो कातडीत, कानाच्या पाळीत, नाकात आणि कातडीलगत धावणाऱ्या नसांमध्ये घर करतो. तो स्वतः फारसे विष सोडत नाही, घाईने काही कुरतडत नाही. शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जणांचे शरीर त्याला थारा देत नाही, आणि त्यांना तो येऊन गेल्याचे कळतही नाही.

मग हातपाय का वाकडे होतात? उरलेल्या थोड्या माणसांमध्ये जे घडते, त्यातला मोठा वाटा त्यांच्याच प्रतिकारशक्तीचा असतो. ज्याची शक्ती या जंतूविरुद्ध तेज आहे, त्याच्या अंगावर एखाददुसरा बधिर चट्टा येतो आणि जंतू शोधूनही सापडत नाहीत. पण ती तेज शक्ती नसेत दडलेल्या जंतूवर तुटून पडते, तेव्हा नसही भाजून निघते. ज्याची शक्ती या जंतूपुढे मुळीच उभी राहत नाही, त्याच्या अंगात जंतू कोट्यवधींनी वाढतात, कातडी जाड होते, कान सुजतात, आणि नसा सावकाश पण दोन्ही बाजूंनी जातात. बहुतेक रुग्ण या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात, आणि त्यांची जागा हलत राहते. संसर्ग, प्रतिकारशक्तीचा बिघाड आणि जन्माची सोबत करणारे दुखणे, असे तीन आजार एकाच माणसाच्या वाट्याला येतात. आपली यंत्रणा त्यातल्या फक्त पहिल्याशी लढते.

ती लढाई मात्र आपण खरोखर जिंकली आहे, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमीन ही ती औषधे, बोली भाषेत एमडीटीचे पाकीट. पहिल्या मात्रेनंतर थोड्याच दिवसांत रुग्णापासून इतरांना होणारा धोका जवळजवळ संपतो. असांसर्गिक प्रकारात सहा महिने, सांसर्गिक प्रकारात बारा महिने, आणि तेही फुकट. क्लोफाझिमीनने कातडी काळवंडते. शेजारीपाजारी विचारू लागतात म्हणून काही जण गोळ्या लपवतात, टाकून देतात. औषधे थांबली की काही महिन्यांनी रंग निवळत जातो, हे त्यांना आधी सांगितले तर निम्मी भीती तिथेच जाते.

खरी गडबड पुढे आहे. उपचार चालू असताना, कधी तो संपल्यावर वर्ष-दोन वर्षांनी, जुना चट्टा एकाएकी लाल होतो, सुजतो. कोपराच्या आतल्या बाजूची शीर ठणकू लागते. मेलेल्या जंतूंचे अवशेष अंगात असतात आणि जागी झालेली प्रतिकारशक्ती त्यांच्यावर धावून जाते. हा झाला एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात अंगभर लाल, दुखऱ्या गाठी उठतात, ताप भरतो, सांधे धरतात, डोळे लाल होतात, आणि हे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा येत राहते. वैद्यकात याला कुष्ठ-प्रतिक्रिया म्हणतात, आरोग्य केंद्रात सरळ रिअ‍ॅक्शन. घरात म्हणतात, गोळ्या गरम पडल्या. मग गोळ्या बंद होतात, माणूस जडीबुटीवाल्याकडे जातो. तोवर कोपराजवळच्या अरुंद वाटेतून जाणारी नस सुजून, बोट सुजल्यावर घट्ट बसलेल्या अंगठीखाली रक्त अडावे तशी, तिथेच आवळली गेलेली असते. करंगळी आणि तिच्याशेजारचे बोट आत वळू लागते. गुडघ्याजवळची नस गेली तर पाऊल उचलले जात नाही, चालताना चप्पल निसटते. चेहऱ्यावरची गेली तर पापणी मिटत नाही आणि डोळा उघडा राहून वाळत जातो.

याला इलाज आहे आणि तो महागही नाही. प्रेडनिसोलोन वेळेवर सुरू केले, हळूहळू उतरवत काही महिने दिले, तर सहा महिन्यांच्या आत गेलेली ताकद आणि संवेदना पुष्कळदा परत येते. उशीर झाला की नस कायमची जाते. गाठींच्या चिवट रिअ‍ॅक्शनवर तर एक विलक्षण औषध सापडले. थॅलिडोमाइडने गर्भातल्या बाळांची हानी केली म्हणून 1961 मध्ये ते बाजारातून काढले होते. जेरुसलेममध्ये याकोब शेस्किन यांनी ते 1964 च्या सुमारास एका कुष्ठरुग्णाला केवळ झोप लागावी म्हणून दिले आणि त्याच्या गाठी विरल्या. आजही ते वापरतात. बाईमाणसाच्या बाबतीत अतिशय कडक खबरदारी घेऊनच.

पण इलाज करायला आधी ओळखायला हवे. पुष्कळ नसा तर ठणकसुद्धा न देता जातात. दुखत नाही म्हणून रुग्ण येत नाही, रुग्ण येत नाही म्हणून नोंद होत नाही. ही गोष्ट पकडायला यंत्र लागत नाही. रुग्णाचे डोळे मिटवायचे, तळहात-तळपायाच्या ठरलेल्या जागांवर बॉलपेनचे टोक हलके टेकवायचे आणि कुठे टेकले ते बोटाने दाखवायला सांगायचे. करंगळी बाजूला करून धरायला सांगायची, पाऊल वर ओढायला सांगायचे, डोळा घट्ट मिटायला सांगायचा. दहा मिनिटांचे काम. महिन्याच्या महिन्याला केले तर गेल्या वेळी कळत होते आणि आता कळत नाही, हा फरक कागदावर दिसतो.

पूर्वी हे काम करणारी माणसे होती. कुष्ठरोगाची स्वतंत्र यंत्रणा होती. सायकलवर फिरणारा, गावातल्या प्रत्येक रुग्णाचा हात ओळखणारा कर्मचारी होता. डिसेंबर 2005 मध्ये देशपातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले आणि कुष्ठरोगाचे ‘दूरीकरण’ झाल्याचे जाहीर झाले. त्याच सुमारास हे काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत विरघळले. जुने कर्मचारी निवृत्त झाले, त्यांच्या बोटांतले ज्ञान त्यांच्यासोबत घरी गेले.

त्या आकड्याचीही एक मेख आहे. दहा हजारांत एक म्हणजे काय मोजले? त्या दिवशी ज्यांच्या नावे गोळ्या चालू आहेत, ते. सांसर्गिक रुग्णाचा उपचार पूर्वी 24 महिन्यांचा असे, तो 12 वर आणला. वैद्यकीयदृष्ट्या ते योग्यच होते. पण त्याबरोबर एकही माणूस कमी न होता वहीतली नावे कमी झाली. गोळ्या संपल्या की नाव कटते, मग त्या माणसाची बोटे वाकडी होवोत की तळपायाला भोक पडो, तो ‘रोगमुक्त’. आकडा खोटा नव्हता. त्याला जे विचारले तेवढेच त्याने सांगितले, आणि आपण त्यावर नको तेवढा भरवसा टाकला. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातच सापडतात. गडचिरोली, चंद्रपूर, पालघर, नंदुरबारमधल्या आशाताईंना हे सांगायला दिल्लीचा अहवाल लागत नाही.

बधिर हातापायाची गोष्ट तर त्याहून लांब चालते. कुष्ठरोगात बोटे ‘गळून पडतात’ हा समज अजून सुशिक्षितांतही आहे. वेल्लोरला काम केलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून हे पटवून दिले की बोटे रोगाने गळत नाहीत. ज्याला चटका कळत नाही तो गरम भांडे धरून ठेवतो, ज्याला खडा टोचत नाही तो त्याच पायावर दिवसभर चालतो, आणि रोजच्या छोट्या जखमा चिघळून हाड झिजत जाते. म्हणजे ते टाळता येते. वाकडी बोटे शस्त्रक्रियेने सरळ करता येतात. मऊ रबराच्या एमसीआर चपला, रोज संध्याकाळी पाय पाण्यात भिजवून, घासून, तेल लावून तळवे आरशात पाहणे, भांडे फडक्याने धरणे, एवढ्यावर माणूस सत्तरीपर्यंत धड पायांनी शेतात जाऊ शकतो. ब्रँड पुढे अमेरिकेत कारव्हिलला गेले आणि तिथे हेच ज्ञान त्यांनी मधुमेहींच्या पायासाठी वापरले. आज पुण्या-मुंबईच्या चकचकीत दवाखान्यांत मधुमेहींना पायाच्या ज्या तपासण्या आणि चपला सांगतात, त्यांचा बराचसा उगम कुष्ठरुग्णांच्या तळपायात आहे. फरक एवढाच की मधुमेहीला ‘आयुष्यभर सांभाळा’ म्हणून सांगतात आणि कुष्ठरुग्णाला ‘झाले तुमचे’ म्हणून परत पाठवतात.

कायदा उशिरा का होईना, हलला. 1898 चा कुष्ठरोग्यांना डांबण्याचा कायदा 2016 मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांत होते, ते 2019 मध्ये काढले. अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तींना जागा मिळाली. रुग्णाच्या सहवासातल्यांना रिफॅम्पिसिनची एक मात्रा दिली तर पुढची दोन वर्षे त्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, असे बांगलादेशातल्या मोठ्या अभ्यासात दिसले, आणि ती मात्रा आता आपल्याकडेही देतात. हे सगळे स्वागतार्ह आहे. मात्र यातले काहीही, आज ज्याच्या कोपराची नस सुजली आहे, त्याच्यापर्यंत या आठवड्यात पोचणारे नाही. त्याच्यापर्यंत पोचू शकते ते प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथला बॉलपेन आणि कपाटातली प्रेडनिसोलोनची बाटली. तीही देखरेखीखाली, कारण या औषधाने साखर वाढते, दबलेला क्षय उसळू शकतो, आणि एकदम बंद केले तर माणूस कोसळतो.

म्हणून सरकारकडे मागणी साधी आहे. गोळ्या संपल्यावर नाव वहीतून कटू नये. ते दुसऱ्या वहीत जावे आणि निदान पाच वर्षे राहावे. दर काही महिन्यांनी हातपाय आणि डोळे तपासावेत, आणि उपचारानंतर नव्याने आलेल्या विकृती जिल्हानिहाय जाहीर कराव्यात. आज आपण विकृती मुख्यतः रुग्ण सापडतो त्या दिवशी मोजतो. आपल्या ताब्यात आल्यानंतर किती हात वाकडे झाले, ते कळले तर आपल्याला लाज वाटेल, आणि ती वाटायला हवी.

या पंधरवड्यात तुमच्या गावातही ग्रामसभा होईल. शपथ झाल्यावर उठून जाऊ नका. आरोग्य केंद्राचे डॉक्टर किंवा आरोग्यसेवक तिथे असतीलच, त्यांना विचारा: गेल्या पाच वर्षांत आपल्या गावातल्या किती जणांच्या गोळ्या पूर्ण झाल्या? त्यांच्यापैकी किती जणांचे हातपाय या वर्षात तपासले? केंद्रात प्रेडनिसोलोन आहे का, आणि चपला शेवटच्या कधी आल्या? मिळालेली उत्तरे ग्रामसेवकांकडून इतिवृत्तात लिहून घ्या, म्हणजे पुढच्या 30 जानेवारीला हेच प्रश्न पुन्हा विचारता येतील.