महागड्या वाफेचे अर्थशास्त्र

गणेशोत्सवाच्या निमित्ताने दिल्लीतील आम्हा मराठी मंडळींची दरवर्षी गाठभेट होते. गेल्या वर्षी आरती आटोपल्यावर एका स्नेह्यांचा पंचविशीतील मुलगा मला मांडवाबाहेर घेऊन गेला. त्याने खिशातून एक धातूचे, चकचकीत, हाताला जड लागणारे उपकरण काढले. "काका, हे साधंसुधं नाही. नऊ हजारांचं आहे. स्वस्तातली घातक असतात, म्हणून मी चांगलं घेतलं. बाबा ऐकतच नाहीत. तुम्ही त्यांना जरा समजावून सांगा ना." मी स्वतः अठरा वर्षे सिगारेट ओढली आणि तीन वेळा सोडून चौथ्यांदा कायमची सोडली, हे त्याला ठाऊक होते. मी त्याच्याकडे पावती मागितली. तो हसला.

तो का हसला हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. त्याचे मत त्याच्या एकट्याचे नाही. 'महाग आहे म्हणजे सुरक्षित असणार' ही समजूत शिकलेल्या, कमावत्या तरुणांत इतकी रुजली आहे की तिचा समाचार घेणे आवश्यक वाटते.

किंमत ही गुणवत्तेची खूण असते हे अर्थशास्त्राला अमान्य नाही. परंतु ती केव्हा असते? जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विकणाऱ्याला मालाची खोट ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, तेथे किमतीवरील विश्वास ढळतो आणि खोटा माल खऱ्याला बाजारातून हुसकावून लावतो. या विवेचनासाठी त्यांना 2001 साली नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. त्यांनी सांगितलेले उपायही आपल्या परिचयाचे आहेत: हमीपत्र, नाममुद्रेची पत, परवाना. आपण प्रेशर कुकर घेतो तेव्हा त्यावरील आयएसआय चिन्ह पाहतो, हमीपत्र जपून ठेवतो, आणि फसगत झाली तर ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो. कुकरच्या किमतीला अर्थ येतो तो या साऱ्या व्यवस्थेमुळे.

आता नऊ हजारांच्या त्या उपकरणाकडे पाहू. केंद्र सरकारने 18 सप्टेंबर 2019 रोजी अध्यादेश काढून आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी घातली. तंबाखू न जाळता तापवणारी उपकरणेही तीत आली. विक्रीबद्दल पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही; पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीस सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. म्हणजे या मालाला येथे मानक नाही, हमी नाही, पावती नाही, दाद मागायला जागा नाही. अकरलॉफ यांचा एकही उपाय येथे कायद्याने शक्य नाही. मग नऊ हजार कशाचे? सीमेवरून माल आत आणण्याच्या जोखमीचे, तो दडवून ठेवण्याच्या जोखमीचे, आणि वाटेत ज्यांचे डोळे मिटवावे लागले त्यांचे. उरलेला भाग उपकरणाचा. तो किती, हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. आणि हातात आली ती वस्तू अस्सल की नक्कल, हेही नाही.

उपकरणाबाबतही न्याय करू. त्यात असते काय? एक बॅटरी, तापणाऱ्या तारेचे वेटोळे, कापसाची वात आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरिनमध्ये निकोटीन आणि सुवास मिसळलेला द्रव. चांगल्या उपकरणातील नियंत्रक तापमान आवाक्यात ठेवतो, बॅटरीत बिघाड झाला तर प्रवाह तोडतो आणि कोरडी वात जळू देत नाही. वात जळली की फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्ये तयार होतात, तेव्हा हा लाभ खरा आहे. परंतु वेटोळे काही दिवसांत बदलावे लागते आणि द्रव त्याहून लवकर संपतो. फुप्फुसात जाते ते द्रवातून. धातूचे कवच, त्यावरील चामडे आणि चकाकी फुप्फुसात जात नाही. युरोपीय संघात द्रवातील निकोटीनवर मिलिलिटरमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणारी यंत्रणा आहे. आपल्या पोराच्या कुपीवर काय छापले आहे ते कोणी तपासलेलेच नाही.

हे भय काल्पनिक नाही. 2019 साली अमेरिकेत अशी उपकरणे ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या तीव्र विकाराची साथ आली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 जणांची नोंद झाली आणि त्यांतील 68 दगावले. शोधाअंती मुख्य संशय गांजातील टीएचसी असलेल्या द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर स्थिरावला. तो द्रव बहुतांशी मित्रांकडून वा चोरट्या विक्रेत्यांकडून आलेला होता. अपाय झाला तो द्रवामुळे, आणि तो द्रव बिनपावतीचा होता.

राहिला प्रश्न लौकिकाचा. या व्यवसायातील सर्वांत झळकलेले नाव जूल. स्टॅनफर्डमध्ये शिकलेल्या दोघांनी पेनड्राइव्हसारखे दिसणारे हे उपकरण 2015 साली बाजारात आणले. डिसेंबर 2018 मध्ये अल्ट्रिया या तंबाखू कंपनीने त्यातील 35 टक्के हिस्सा 1,280 कोटी डॉलरना घेतला. मार्च 2023 मध्ये तिने तो सोडून दिला, तेव्हा त्याची पुस्तकी किंमत 25 कोटी डॉलर उरली होती. मधल्या काळात अल्पवयीनांना भुलवणाऱ्या जाहिरातींच्या चौकशीपोटी तीसहून अधिक राज्यांशी सुमारे 43.85 कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. जून 2022 मध्ये अमेरिकी नियामकाने विक्रीस मनाई केली, तिला लगेच स्थगिती मिळाली, आणि अखेर जुलै 2025 मध्ये परवानगी मिळाली. ती परवानगी अर्ज, चाचण्या आणि छाननी यांनंतर विशिष्ट उत्पादनांना मिळाली. तिचा आधार घेऊन दिल्लीच्या बाजारातील चोरट्या मालाची पत वाढत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने 2015 साली ई-सिगारेट सिगारेटपेक्षा सुमारे 95 टक्के कमी हानिकारक असल्याचा अंदाज दिला होता. त्या आकड्यावर वाद झाले, तरी निकोटीनयुक्त ई-सिगारेट धूम्रपान सोडण्यास मदत करते याचे पुरावे बळकट आहेत. मला ते मान्य आहेत. परंतु ही तुलना सिगारेटशी आहे. मी त्या मुलाला विचारले, "तू आधी किती ओढत होतास?" तो अभिमानाने म्हणाला, "मी सिगारेटला कधी हातही लावला नाही, काका." म्हणजे त्याच्यापुरती तुलना स्वच्छ हवेशी आहे आणि त्या तुलनेत उपकरण कितीही उंची असले तरी हरते. त्याने नऊ हजार मोजून पूर्वी नसलेले व्यसन विकत घेतले.

पण दोष एकट्या त्याचा नाही. मी ज्या व्यवस्थेचा भाग आहे तिचाही आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील 28.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. सिगारेट व बिडी टपरीटपरीवर मिळते. 2017 साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा सिगारेटवर अधिभार बसला, बिडीवर बसला नाही. 'ते चालते, मग हे का नाही?' या प्रश्नाला माझे उत्तर इतकेच की, रुजलेले व्यसन उपटण्यापेक्षा नवे रुजू न देणे सोपे असते. म्हणून मी बंदीच्या बाजूचा होतो आणि आहे. परंतु राजपत्रात छापल्याने बंदी पुरी होत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 साली बंदी आली. तो मिळतो की नाही हे सुटीत गावी जाणाऱ्या कोणत्याही वाचकाला विचारावे. अर्धवट राबवलेली बंदी माल थांबवत नाही, फक्त त्याची तपासणी थांबवते. वर त्याची किंमत वाढवते, आणि वाढलेल्या किमतीला पोरे प्रतिष्ठा समजतात. हा दिमाख आम्हीच निर्माण केला आहे. कायदा ठेवायचा असेल तर बंदरांवर, कुरियरच्या गोदामांत आणि घाऊक बाजारांत तो दिसला पाहिजे. पानवाल्याला पकडून आकडे भरणे म्हणजे अंमलबजावणी नव्हे.

असो. त्या मुलाच्या वडिलांशी मी बोललो. मुलाच्या मनासारखे बोललो नाही, पण त्याला रागावू नका, त्याला डॉक्टरांकडे न्या, एवढे आवर्जून सांगितले. निकोटीनची सवय सोडवण्यासाठी मी ज्या गोळ्या चघळल्या, त्या औषधाच्या दुकानात आजही मिळतात. नऊ हजारांच्या मानाने अगदीच स्वस्त असतात, आणि त्यांची पावती मिळते.

(या लेखातील मते सर्वस्वी व्यक्तिगत आहेत.)