तुडतुडे मोजून भागणार नाही

प्रति,
मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे
आणि राज्यातील कृषी विद्यापीठांचे मा. कुलगुरू

महोदय,

2022 च्या खरिपात पंजाब-हरियाणातल्या धानाचे काही चूड वाढेनासे झाले. शेजारचा चूड कमरेला लागलेला, हा जेमतेम गुडघ्याएवढा. पाने काळपट हिरवी, मुळे इतकी दुबळी की हाताने ओढला तरी उपटून यायचा. खत कमी पडले, जस्त कमी पडले, बी खोटे निघाले, असे कुणालाही वाटावे. लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने आणि दिल्लीच्या पुसा संस्थेने नमुने तपासले, तेव्हा विषाणू सापडला. 2001 मध्ये दक्षिण चीनमध्ये पहिल्यांदा दिसलेला हा रोग भारतात प्रथमच नोंदवला जात होता.

तो बियाण्यातून येत नाही. पांढऱ्या पाठीचा तुडतुडा आणतो. गोंदिया-भंडाऱ्यात हा किडा कुणाला नवा आहे? 2017 मध्ये तुडतुड्यांनी धान असे वाळवले की शासनाला मदत जाहीर करावी लागली.

आपल्या क्रॉपसॅप योजनेत चुडावरचे तुडतुडे मोजतात आणि संख्या मर्यादेबाहेर गेली की फवारणीचा सल्ला येतो. रस शोषणाऱ्या किडीपुरते हे योग्यच आहे. विषाणूला ही मर्यादा लागू पडत नाही. एकदा तो अंगात भिनला की तुडतुडा मरेपर्यंत पसरवत राहतो. पऱ्ह्यातच लागण झाली तर नुकसान सर्वांत मोठे, आणि रोगट चुडावर औषध नाही. थोडे तुडतुडेही पुरे होतात.

शिवाय धान कापल्याने विषाणू संपत नाही. धुऱ्यावरचा सावा, इतर गवते, मका यांतही तो तग धरतो. आमच्याकडे खरिपामागे उन्हाळी धान असते, म्हणजे त्याला वर्षभर हिरवा आसरा. उन्हाळी धान बंद करा असे मी म्हणणार नाही, अनेक घरे त्यावर चालतात. पण म्हणूनच धुऱ्याकडे पाहायला हवे, आणि तिथले गवत आज कुणी तपासणीला नेत नाही.

प्रकाश सापळ्यांतले तुडतुडे, खुजे चूड आणि धुऱ्यावरचे गवत यांची आरटी-पीसीआर तपासणी क्रॉपसॅपमध्ये घ्या. कोविडपासून हे नाव गावोगाव ठाऊक आहे. निष्कर्ष तालुकावार जाहीर करा, मग ते काहीही निघोत. आणि नमुने घेण्याचे काम येत्या खरिपाचे पऱ्हे टाकण्याआधी सुरू करा.

आपला,
पूर्व विदर्भातील एक धान उत्पादक