गोदाम, पासबुक आणि रुग्णालय

30 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर 2023 या 24 तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात अर्भके होती. अनेक रुग्ण अत्यवस्थ होऊनच आले, औषधांचा तुटवडा नव्हता, असे प्रशासनाने सांगितले. औषधे बाहेरून आणावी लागली, अशी नातेवाइकांची तक्रार होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन रिक्त पदे व औषधखरेदी यांविषयी शासनाकडे विचारणा केली.

खरे कोण, हा वाद मुळात उरावयास नको होता. ज्या पेढीची रोजकीर्द चोख असते, तेथे माल होता की नव्हता यावर तंटा होत नाही. आरोग्यव्यवस्थेचे आधुनिकीकरण म्हणजे केवळ नवी इमारत व नवी यंत्रे नव्हेत; ते प्रथम हिशेबाचे काम आहे.

महाराष्ट्राने 2017 मध्ये शासकीय औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपविली. विलंबाच्या तक्रारी वाढल्यावर 2023 मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापण्याचे ठरले. साठ्याच्या नोंदीसाठी ई-औषधी ही संगणक प्रणालीही आहे. तथापि खाते बदलल्याने उलाढाल सुधारतेच असे नाही.

तमिळनाडूने 1994 मध्ये स्थापन केलेल्या वैद्यकीय सेवा महामंडळाची पद्धत व्यापाऱ्यास सहज उमगेल. खरेदी एकत्रित व थेट उत्पादकांकडून होते. साठा जिल्ह्याच्या गोदामात राहतो. नमुने तपासल्यावरच माल वितरित होतो. प्रत्येक रुग्णालयाच्या नावे पासबुक असते. मंजूर रकमेतून नेलेल्या औषधांची किंमत वजा होते. त्यामुळे डॉक्टर आपल्या रुग्णांच्या गरजेप्रमाणे मागणी करतो, आणि शिल्लक किती हे सर्वांना दिसते.

यात पुरवठादाराचे बिल वेळेवर चुकते करणे अनुस्यूत आहे. ज्याची रक्कम महिनोन्‌महिने अडकते, तो एक तर दर चढवितो किंवा निविदेकडे फिरकत नाही. त्या थकबाकीचे व्याज अखेर खाटेवरचा रुग्ण भरतो.

लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. संकटात धावून जाण्याची शक्ती शासनापाशी आहे, हे त्यावरून दिसले. परंतु रोजची तहान आणीबाणीच्या गाडीवर भागत नाही. रोजचे औषधही नाही.

अर्थात, भरलेले गोदाम परिचारिकेची जागा घेऊ शकत नाही. रिक्त पदे भरणे हा याच हिशेबाचा दुसरा रकाना होय.

औषधदानाची परंपरा असलेल्या कुटुंबांनी देणगीसोबत एक प्रश्नही न्यावा : मागील महिन्यात कोणते औषध किती दिवस संपलेले होते? रुग्ण कल्याण समितीत बसणाऱ्या व्यापाऱ्याने तो प्रत्येक बैठकीत विचारावा. त्याचे उत्तर ज्या रुग्णालयास तत्काळ देता येईल, तेथे सुधारणेस प्रारंभ झाला असे समजावे.